जंगलातली विकतची भीती : हॅलोविनच्या ‘हॉन्टेड ट्रेल’मध्ये नेमके काय घडते?

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून भारतातल्या नातेवाइकांच्या फोनवर एका विशिष्ट प्रकारची छायाचित्रे येऊ लागतात. शेताच्या कडेला पेटलेली शेकोटी, गवताच्या गठ्ठ्यांवर दाटीवाटीने बसलेली माणसे, मागे काळेभोर जंगल आणि त्या जंगलातून यंत्राची करवत घेऊन धावत येणारा एक मुखवटेवाला. खाली लिहिलेले असते, ‘खूप मजा आली!’ ही छायाचित्रे पाहून इकडच्या आजी-आजोबांना पडणारा प्रश्न अगदी रास्त आहे : रात्रीच्या वेळी, कडाक्याच्या थंडीत, वर पैसे मोजून जंगलात घाबरायला कशाला जायचे?

माझी आई पेनसिल्व्हेनियात आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा तिनेही हेच विचारले होते आणि मला धड उत्तर देता आले नव्हते. त्यानंतर मी या विषयावर बरेच वाचले, दोन-तीन ठिकाणी स्वतः जाऊन आलो आणि माझे मत असे झाले की हा प्रकार समजून घेण्याजोगा आहे. तिथे धोका मांडलेला असतो, पण शरीराला होणारी भीती खरी असते. ही एक गोष्ट लक्षात घेतली की त्यातली मजा कळते आणि आयोजकांवर व पालकांवर पडणारी जबाबदारीही कळते.

भयवाट म्हणजे काय?

हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेतला सर्व संतांचा दिवस आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. त्याच्या मागेपुढे, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, अमेरिकेत प्रेक्षकांना घाबरवण्यासाठी खास उभारलेली ठिकाणे चालतात. त्यांना ‘हॉन्टेड अट्रॅक्शन’ म्हणतात. काही इमारतीत असतात, काही मक्याच्या शेतात, तर काही जंगलात. जंगलातून पायी जायचे असेल तर ‘हॉन्टेड ट्रेल’ आणि ट्रॅक्टरमागच्या गवताने भरलेल्या गाडीत बसून जायचे असेल तर ‘हॉन्टेड हेराइड’. पायवाटेला मी पुढे ‘भयवाट’ म्हणणार आहे.

अशी बरीच ठिकाणे शेतकरी कुटुंबांची असतात. सुगी संपता संपता शेताला लागून असलेली दहा-वीस एकरांची झाडी चार आठवडे उत्पन्न देऊ लागते आणि कधीकधी वर्षभराच्या हिशोबात ते उत्पन्न मोलाचे ठरते. तिकीट साधारण तीस-पन्नास डॉलरांचे असते. संध्याकाळी शेतात गाड्या लावायच्या, शेकोटीपाशी गरम सफरचंदाचा रस प्यायचा आणि सहा-आठ जणांच्या गटात आत सोडण्याची वाट बघायची.

आत गेल्यावर पाऊण तास जंगलातून चालावे लागते. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेले असतात. मधूनच एखादी मोडकी झोपडी, लाकडी पूल, खोटी स्मशानभूमी, धुराच्या यंत्राने भरलेला तंबू लागतो आणि प्रत्येक ठिकाणी लपलेले नट असतात. त्यांना ‘स्केअर अ‍ॅक्टर’ म्हणतात. त्यांत शाळा-कॉलेजची मुले पुष्कळ असतात. करवत खरी असते, पण तिची दातेरी साखळी काढून टाकलेली असते. उरतो तो इंजिनाचा कर्कश आवाज आणि पेट्रोलचा वास, आणि घाबरायला तेवढे पुरते.

या नटांचा एक नियम मला फार हुशारीचा वाटला. गटाला शक्यतो मागून किंवा बाजूने घाबरवायचे, म्हणजे माणसे पुढच्या दिशेने पळतात. समोरून घाबरवले तर ती उलट फिरतात, मागच्या गटावर आदळतात आणि वाट तुंबते. भीतीचा उपयोग इथे गर्दी पुढे सरकवण्यासाठीही होतो.

खोटे आहे हे ठाऊक असूनही भीती का वाटते?

इथे आपली भाषा मदतीला येते. मराठीत ‘दचकणे’ आणि ‘धास्ती घेणे’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत आणि मेंदूतही त्या दोन निरनिराळ्या घटना आहेत.

दचकणे ही शरीराची तत्काळ क्रिया आहे. कानाशी मोठा आवाज झाला की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. हा हुकूम मेंदूच्या तळाशी, कण्याला जोडलेल्या भागातून निघतो. विचार करणारा मेंदू त्यात पडतच नाही, कारण तेवढा वेळच नसतो. प्रेशर कुकरची शिट्टी होणार हे माहीत असूनही ती अचानक वाजली की आपण दचकतो, तसेच हे.

धास्तीचे तसे नाही. ती हळूहळू चढते. पुढच्या वळणावर कुणीतरी आहे, हे कळते पण दिसत नाही. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा छोटा भाग अशा वेळी सावध होतो आणि त्याच्या इशाऱ्याने अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरते. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, तळहात घामेजतात, पळायला पाय तयार होतात. त्याच वेळी कपाळामागचा, विचार करणारा मेंदू सांगत असतो की तिकीट काढून आलो आहोत, तो मुलगा अभिनय करतो आहे, बाहेर शेकोटी आहे. पण हा निरोप थोडा उशिरा पोहोचतो. आधी चौकीदार ओरडतो आणि मग मालक दिवा लावून पाहतो की मांजर होते, असा हा क्रम आहे.

चांगली भयवाट या क्रमावरच बेतलेली असते. प्रथम शांतता, मंद उजेड, लांबून येणारे एखादे रडणे, म्हणजे धास्ती. मग डावीकडे लक्ष वेधून घेणारे काहीतरी, म्हणजे दिव्याखाली डुलणारी खुर्ची, आणि नेमक्या त्या क्षणी उजवीकडून दचका. लगेच पुढे थोडी मोकळी वाट सोडलेली असते. तिथे माणसे एकमेकांचे दंड सोडतात आणि हसू लागतात. ही मोकळी जागा आराखड्यातच धरलेली असते, कारण सतत घाबरवत राहिले तर माणूस बधिर होतो.

मग मजा कुठून येते?

शरीर पेटलेले असते आणि धोका नाही हे कळलेले असते. त्या उरलेल्या ऊर्जेचे पुढे हसण्यात, किंचाळण्यात, एकमेकांना बिलगण्यात रूपांतर होते. जेवताना हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या आणि तरीही भाकरीबरोबर आणखी मागणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मिरची जीभ भाजते असे शरीर म्हणते आणि भाजत नाही हे आपल्याला ठाऊक असते. पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मिरचीच्या आवडीचा अभ्यास करूनच अशा निरुपद्रवी यातनांच्या सुखाची कल्पना मांडली.

या विषयावर गंभीर संशोधनही झाले आहे. डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठात मनोरंजनासाठीच्या भीतीचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळाच आहे. तिथल्या संशोधकांनी वायले या गावातल्या एका भयघरात ११० प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. भीती वाढत जाते तशी मजाही एका हद्दीपर्यंत वाढते आणि त्यानंतर घसरते. आलेख पालथ्या घातलेल्या वाटीसारखा दिसतो : कमी घाबरलेला कंटाळतो, जास्त घाबरलेला दुःखी होतो आणि मजा मधल्या उंचवट्यावर असते. त्याच गटाच्या आधीच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली होती. काही जण भीती वाढवण्याचा प्रयत्न करतात, तर काही जण मुद्दाम आवरतात, मित्राच्या पाठीत तोंड खुपसतात, स्वतःला ‘हे खोटे आहे’ असे बजावतात. समाधान मात्र दोघांनाही सारखेच मिळते. म्हणून डोळे मिटून भयवाट पार करणाऱ्याला कुणी भित्रा म्हणू नये. तोही त्याच उंचवट्यावर राहण्यासाठी धडपडत असतो.

पिट्सबर्गमधल्या एका भयघरात २६२ प्रेक्षकांची आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर विचारपूस केली गेली, तेव्हा बाहेर येणाऱ्यांची मनःस्थिती सरासरीने सुधारलेली आढळली. आधी थकलेल्या, कंटाळलेल्या किंवा ताणाखाली असलेल्या माणसांत हा फरक विशेष होता. अर्थात, हे स्वतःहून आलेले लोक होते. ज्याला ओढून आणले, त्याच्याबद्दल हा निष्कर्ष काहीच सांगत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची अट हीच आहे.

पण जंगलच कशाला?

इमारतीत प्रत्येक भिंत रंगवावी लागते, प्रत्येक सावली उभी करावी लागते. जंगलात धास्ती आयती मिळते. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात एक प्रखर झोत तोंडावर आला की सगळी कमाई क्षणात जाते व माणूस पुन्हा आंधळा होतो. वाटेवर अधूनमधून लख्ख उजेड टाकतात, त्याचे एक कारण हे आहे. अंधुक प्रकाशात आकार धड कळत नाहीत आणि मेंदूला अर्धवट चित्र सहन होत नाही. तो बुंध्याचा माणूस करतो, फांदीचा हात करतो. ऑक्टोबरमध्ये ओक आणि मेपलची पाने गळून वाटेवर जाड थर साचलेला असतो, त्यामुळे आपल्याच पावलांचा चुरचुर आवाज मागून कुणी येत असल्यासारखा वाटतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जंगलाला कडा नसते. खोलीत चार भिंती मोजता येतात. झाडीत मात्र कुणी कुठूनही येऊ शकतो आणि आपल्याला लपायला जागा दिसत नाही, त्याला मात्र पुष्कळ आहे. आपल्याकडे कोकणात ‘चकवा’ लागण्याच्या गोष्टी याच अनुभवातून आल्या असाव्यात. चकव्यात भूत दिसतच नाही. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तो त्याच झाडापाशी उभा असतो. दिशा हरवणे हीच भीती. भयवाटेची आखणी करणारेही वाट वळणावळणांनी नेतात, दोनदा त्याच ओढ्यापाशी आणतात, म्हणजे बाहेर पडायला किती उरले हे कळू नये.

ही पद्धत आली कुठून?

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर ‘साविन’ नावाचा जुना सण होता. त्या रात्री मृतांचे जग जवळ येते अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले आणि त्यांच्याबरोबर या चालीरीती आल्या. तिकडे सलगम कोरून दिवे करत, इथे भोपळा सापडला. १९३०च्या दशकातल्या मंदीत हॅलोविनच्या रात्री तरुण मुलांची मोडतोड फार वाढली, तेव्हा त्यांना गुंतवून ठेवण्यासाठी घरोघरच्या तळघरांत अंधारी वाट, ओले स्पंज, लोंबते दोर असले खेळ मांडले जाऊ लागले. पुढे १९६९ मध्ये डिस्नेलँडचे भुताळी घर उघडले आणि १९७०च्या दशकात जेसीज या तरुणांच्या सेवासंस्थेने निधी जमवण्यासाठी गावोगावी भयघरे उभारली. आजचा व्यवसाय त्यातून वाढला.

यात खरा धोका नाही का?

आहे, पण तो मुखवट्याचा नसतो. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या जॅक्सन इथल्या एका करमणूक उद्यानातल्या भयघराला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले मरण पावली. ते घर ट्रेलर एकमेकांना जोडून केलेले होते, आत चक्रव्यूहासारखी अंधारी वाट होती आणि आग विझवणारे पाण्याचे फवारे नव्हते. त्यानंतर इमारतींच्या अग्निसुरक्षा नियमांत अशा जागांचा वेगळा वर्ग झाला : आपोआप सुरू होणारे फवारे हवेत आणि धूर कळताच सर्व आवाज बंद होऊन दिवे लागले पाहिजेत. या शेवटच्या अटीमागचा विचार अगदी बारीक आहे. घाबरवण्यासाठी जे जे केलेले असते, म्हणजे अंधार, गोंगाट, हरवलेली दिशा, तेच आगीत जीव घेते.

जंगलात धोके निराळे असतात. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये मेन राज्यात एका हेराइडची गाडी उतारावर ताबा सुटून झाडावर आदळली, एक सतरा वर्षांची मुलगी गेली आणि अनेक जण जखमी झाले. ब्रेक, उतार, जोडगाडीचे वजन या साध्या शेतीच्या गोष्टींकडे तिथे सर्वांत आधी पाहायला हवे.

तिसरा धोका म्हणजे पळताना पडणे. याबाबत कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. सान दिएगोच्या बाल्बोआ उद्यानातल्या भयवाटेवर एक प्रेक्षक ‘संपले, बाहेर आलो’ असे समजून निश्चिंत झाला होता. ती खोटी अखेर होती. करवतवाला पुन्हा मागे लागला, प्रेक्षक पळाला, पडला आणि मनगटाला दुखापत झाली. न्यायालयाने भरपाई नाकारली. प्रेक्षक घाबरेल, पळेल आणि कदाचित पडेल, हा या खेळाच्या मूळ स्वरूपातलाच भाग आहे आणि तो माहीत असूनच तिकीट काढले जाते, असे त्या निकालाचे सार आहे. आयोजकांनी त्यापलीकडे जोखीम वाढवता कामा नये, एवढे त्यांचे कर्तव्य. कायदा म्हणून हे बरोबर असेल, पण तिकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यामुळे ही जोखीम पाटीवर ठळक लिहायला हवी, असे मला मनापासून वाटते.

अंधश्रद्धा वाढत नाही का?

भयवाटेवर कुणी भूत आहे असे सांगत नाही, उतारा काढत नाही, गंडा देत नाही. भीतीचा कारखाना कसा चालतो हे एकदा पाहिलेल्या मुलाला रात्रीच्या फांदीची भीती उलट कमीच वाटेल, अशी माझी धारणा आहे.

मला खटकते ती वेगळीच गोष्ट. पेनसिल्व्हेनियात झाडीने वेढलेल्या आवारात पेनहर्स्ट नावाची जुनी सरकारी संस्था आहे. १९०८ मध्ये ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामाणसांसाठी सुरू झाली. तिथली गर्दी, घाण आणि हाल १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवले गेले, पुढे खटले चालले आणि १९८७ मध्ये ती बंद पडली. २०१० पासून तिथे हॅलोविनचे भयघर चालते. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी त्याला विरोध केला आणि तो मला पटतो. तिथे ज्यांनी सोसले ते रुग्ण होते, राक्षस नव्हते. वेडा, अपंग, रुग्ण यांना भीतीचे रूप देणारा प्रसंग कोणत्याही भयवाटेवर दिसला, तर तो वगळा असे आयोजकांना कळवायला संकोच करू नये. चेटकिणी आणि सांगाडे पुरेसे आहेत.

मुलांना न्यावे का?

बहुतेक ठिकाणी बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना न आणण्याचा सल्ला असतो आणि तो पाळावा. ‘हे खोटे आहे’ हा निरोप वेळेवर पोहोचवणारा मेंदूचा भाग लहानपणी पुरता तयार झालेला नसतो. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाला पालथ्या वाटीचा उंचवटा सापडतच नाही, तो थेट पलीकडे घसरतो. हृदयविकार असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लुकलुकत्या दिव्यांनी फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांनीही टाळावे.

जाणाऱ्यांनी पायात घट्ट बूट घालावेत, दचकून नटाला हात उगारला जाणार नाही याची काळजी घ्यावी (त्यांना असे फटके खरोखर बसतात) आणि दारात गळ्यात घालायला चमकणारी माळ देत असतील तर तिचा अर्थ आधी विचारावा. काही ठिकाणी ती माळ म्हणजे ‘मला घाबरवू नका’, तर काही ठिकाणी बरोबर उलट, ‘मला स्पर्श केलेला चालेल’.

आम्ही गेलो त्या शेतावर माझ्या पुढच्या गटात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. पुलापाशी तो जागच्या जागी थिजला. ओरडत आलेल्या नटाने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि लगेच आवाज बंद केला, गुडघ्यावर बसला, मुखवटा कपाळावर सरकवला. आतून घामेजलेला, सोळा-सतरा वर्षांचा, तोंडावर मुरुमे असलेला पोरगा निघाला. त्याने काही शब्द पुटपुटले, मुलाने मान हलवली. मग त्याने दोरावर टांगलेला कंदील काढला आणि स्वतः पुढे चालत त्या मायलेकांना कडेच्या आडवाटेने शेकोटीपर्यंत सोडून आला.

घरी येऊन मी हे आईला सांगितले. तिचे माहेर गुहागरकडचे. ती म्हणाली, “अरे, आमच्याकडे शिमग्याला संकासुर यायचा तो असाच. काळा वेश, डोक्यावर टोकदार टोपी, कमरेला घुंगरू. लांबून घुंगरू वाजले की आम्ही पोरं माजघरात पळायचो आणि तो पुढच्या घरी निघाला की त्याच्याच मागे धावायचो. पण पाळण्यातलं पोर असलं त्या घरी तो घुंगरू हाताने दाबून धरायचा.”